नर्सरीत पाहुणा बोलवायचाय? आधी मुलांच्या हातांना काम द्या

जूनमध्ये नवीन ताई वर्गावर आल्या की पहिल्या पंधरवड्यात दोन प्रश्न हमखास येतात. "ताई, एवढा वेळ मुलांना करायला काय देऊ?" आणि "अग्निशमनची गाडी शाळेत आणायची तर कुणाला भेटायचं?" मी नाशिकला सिडकोच्या बाजूला अकरा वर्षं नर्सरीचा वर्ग घेते. पहिली दोन वर्षं मी या दोन प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी शोधत होते. रोजचं काम एकीकडे आणि पाहुण्यांचा कार्यक्रम दुसरीकडे. पाहुणे यायचे, बोलायचे, मुलं चुळबुळ करायची, फोटो निघायचे. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काल कोण आलं होतं?" तर उत्तर यायचं, "काका."

मग एका वर्षी जुन्या नाशकातल्या तांबट आळीतले, तांब्याची भांडी घडवणारे एक काका आले. त्यांना बोलायचा संकोच वाटत होता, म्हणून त्यांनी बोलायच्या ऐवजी ठोकायलाच सुरुवात केली आणि चार मुलांच्या हातात लाकडी हातोडी दिली. ती मुलं आज पाचवी-सहावीत आहेत. रस्त्यात भेटली की अजून विचारतात, "ताई, ते तांब्याचे काका येतात का?" पाहुण्याचं काम मुलाच्या हाताला लागलं तरच पाहुणा मुलाच्या लक्षात राहतो. खालच्या सगळ्या पायऱ्या मी याच एका गोष्टीभोवती बसवल्या आहेत.

1. आधी वय नीट बघून घ्या

महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी 31 डिसेंबरला तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे जूनमध्ये वर्गात बसलेली काही मुलं जेमतेम अडीच वर्षांची असतात, तर काही साडेतीनच्या पुढची. बाहेरून सगळी सारखी दिसतात, पण अडीच वर्षांचं मूल हातात आलेली वस्तू अजून तोंडात घालून बघतं. वर्गातल्या सगळ्यात लहान मुलाकडे बघून साहित्य निवडा.

मी हे चूक करून शिकले. मोत्यांच्या ओवणीऐवजी काहीतरी घरगुती द्यावं म्हणून मी वाटाणे आणि हरभरे एकत्र करून निवडायला दिले होते. पुस्तकात वाचलेला खेळ होता. एका मुलानं हरभरा नाकात घातला आणि अर्ध्या तासानं नाक धरून माझ्याजवळ आला. कोरडं कडधान्य नाकातल्या ओलाव्यानं फुगतं, आणि आपण पिन किंवा चिमटा घालायला गेलो तर ते आणखी आत सरकतं. आम्ही काहीही न करता सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी काढलं, सगळं नीट झालं. त्या दिवसापासून माझ्या वर्गात निवडायचा खेळ कांदे, बटाटे आणि लिंबांचा असतो. नाशकात यांना तोटा नाही, मुलांना वासानंही ओळखता येतात आणि नाकात जाणं शक्यच नाही.

2. रोजच्या कामाचे कोपरे मांडा

पाहुणा येण्याआधी निदान महिनाभर मुलांच्या हातांना कामाची सवय लागायला हवी. ज्या मुलानं कधी माती मळली नाही, ते कुंभारकाका आले तरी हात मागेच घेतं. सुरुवातीला चार कोपरे पुरतात.

ओतण्याचा कोपरा. दोन छोट्या स्टीलच्या लोट्या, एक परात, अर्धी बादली पाणी आणि प्रत्येक मुलाला पुसायला एक फडकं. फडकं विसरू नका. पाणी सांडलं की आपण "अरे देवा!" म्हणतो आणि मूल तिथेच थांबतं. फडकं हाताशी असलं की सांडणं आणि पुसणं दोन्ही त्याच खेळात येतं. डिसेंबर-जानेवारीत मात्र हा कोपरा सकाळी बंद ठेवा. नाशिकची थंडी तुम्हाला ठाऊक आहे, पारा कित्येकदा दहाच्या खाली जातो आणि अशा वेळी ओल्या बाह्या घालून बसलेलं मूल दुसऱ्या दिवशी खोकत येतं. त्या दिवसांत पाण्याऐवजी रवा किंवा धुतलेली जाडसर वाळू द्या.

मळण्याचा कोपरा. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, दोन चमचे तेल, लागेल तसं पाणी. रंगाला हळद किंवा बीटाचा रस. मीठ जास्त असल्यानं गोळा टिकतो, पण त्याच कारणानं तो पोटात जाता कामा नये, म्हणून या कोपऱ्याजवळ एक ताई कायम हवी. मुलांना भिजवलेला गोळा देऊ नका, कोरडं पीठ द्या आणि पाणी त्यांनाच घालू द्या. हाताला चिकटणारं पीठ हळूहळू सुटं होतं, तो क्षण त्यांच्या तोंडावर बघण्यासारखा असतो.

पेरण्याचा कोपरा. नारळाच्या करवंटीत माती आणि रात्रभर भिजवलेली मेथी. दोन-तीन दिवसांत कोंब दिसतो. लहान मुलाला याहून जास्त थांबवत नाही, म्हणून पहिल्यांदा मेथीच घ्या, कैरीची कोय नको. करवंटीवर मुलाच्या नावाच्या जागी त्याचं चित्रचिन्ह लावा, म्हणजे आपली करवंटी तो स्वतः ओळखतो.

चौथा कोपरा घासण्याचा. घरातला काळवंडलेला तांब्या, चिंचेचा कोळ, मीठ आणि नारळाची शेंडी. एक मूल एका जागी दोन मिनिटं घासतं, मग त्या जागेवर पाणी ओतायचं. काळ्या तांब्यावर बोटाएवढा गुलाबी, लखलखीत ठिपका उमटतो. वर्गात एकदम शांतता होते. मग दुसऱ्या मुलाला आपला ठिपका हवा असतो. अर्ध्या तासात सगळा तांब्या उजळतो आणि तो कुणा एकाचा राहत नाही, वर्गाचा होतो. हवेमुळे तांब्यावर काळपट थर चढतो आणि चिंचेतलं आम्ल मिठाच्या मदतीनं तो विरघळवतं, हे तुम्हाला माहीत असू द्या. मुलांना "चिंचेनं मळ काढला" एवढं पुरे. बोटाला चिरा, ओरखडा असलेल्या मुलाला या कोपऱ्यात पाठवू नका, चिंच-मीठ फार झोंबतं. कोळाला तोंड लावू द्यायचं नाही आणि काम झालं की सगळ्यांचे हात साबणानं धुवायचे.

विकतचा महागडा संच नसला तर वर्ग कमी पडतो, असं नवीन ताईंना वाटतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्राचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं, तेव्हा पानं, फुलं, बिया, शंख-शिंपले, खडे हेच त्यांचं साहित्य होतं. आपल्याकडे तर शेजारी भाजीबाजार आहे.

3. साहित्याची यादी आणि ते कुठं मिळतं

- शाडू किंवा कुंभारी माती: गणपतीच्या आधी शाडू सगळीकडे मिळतो, एरवी कुंभारवाड्यात विचारा. चाळलेलीच घ्या, खडे आणि काचा नकोत.
- लोट्या, पराती, ओगराळी, छोटी चाळण: रविवार कारंजा, मेन रोडच्या भांड्यांच्या दुकानांत. धार हाताला लागत नाही ना, हे दुकानातच बोट फिरवून बघा.
- करवंट्या, कांद्याच्या साली, जुन्या सुती साड्या, रिकामे डबे: पालकांकडून. एक टोपली दारात ठेवा, आठवड्यात भरते.
- तुरटी, हळद, मीठ: किराणा.
- प्रथमोपचार पेटी: ही सगळ्यात आधी. त्यात जवळच्या बालरोगतज्ज्ञांचा नंबर आणि 108, 101, 112 हे आकडे मोठ्या अक्षरात चिकटवलेले हवेत.

रांगोळीची पूड मी वापरत नाही. ती डोळ्यांत जाते. तिच्याऐवजी तांदळाचं पीठ घ्या.

4. पाहुणा निवडा, पण हुद्दा बघून नको

नवीन शाळा पाहुणा म्हटलं की नगरसेवक किंवा मोठे अधिकारी शोधतात. तीन वर्षांच्या मुलाला हुद्दा कळत नाही, त्याला अवजार कळतं. माझी कसोटी सोपी आहे. येणाऱ्या माणसाच्या कामात मुलाच्या हाताला धरता येईल, फिरवता येईल, ठोकता येईल किंवा वास घेता येईल असं काय आहे? उत्तर मिळालं नाही तर तो पाहुणा मोठ्या वर्गांकडे पाठवा.

नाशकात या बाबतीत आपण श्रीमंत आहोत. तांबट आहेत, कुंभार आहेत, द्राक्षवाले आणि कांदावाले शेतकरी तर बहुतेक वर्गांत पालक म्हणूनच असतात. नाशिकरोडला शाळा असेल तर "प्रेसमधले", म्हणजे नोटा-तिकिटं छापणाऱ्या सरकारी छापखान्यातले, बाबा असतातच. आमच्या एका मुलीचे बाबा प्रेसमध्ये कामाला होते. तिथलं काही बाहेर आणता येत नाही आणि आतलं सांगताही येत नाही, म्हणून त्यांना वाटलं आपण काय येणार. आम्ही त्यांना म्हटलं, छपाई म्हणजे ठसा, तेवढंच दाखवा. ते भेंड्या घेऊन आले. भेंडी आडवी चिरली की फुलासारखा ठसा येतो. मुलांनी कागदावर ठसे उमटवले, त्यांच्या कडेनं बाबांनी टोकेरी पट्टी कातरली आणि पोस्टाची तिकिटं तयार झाली. नाशिकरोडला खरोखरची पोस्टाची तिकिटं छापली जातात, त्यामुळे त्या मुलीला आपल्या बाबांचं काम पहिल्यांदा समजलं.

आजीला बोलवायला विसरू नका. आमच्या भागात खानदेशातून आलेली कुटुंबं खूप आहेत, घरात अहिराणी बोलतात आणि शाळेत आल्यावर मूल गप्प होतं. एका वर्षी एका आजींनी घरचं जातं आणलं. मांडी घालून बसल्या, मूठभर ज्वारी घातली आणि अहिराणीतच बोलायला लागल्या. त्यांचा नातू चार महिने वर्गात एक शब्द बोलला नव्हता. तो उठला, आजीच्या बाजूला उभा राहिला आणि सगळ्यांना सांगायला लागला की आजी काय म्हणतेय. खुंट्याला एका वेळी दोन मुलांचे हात आणि वर आजीचा हात, असं आम्ही सगळ्या वर्गाकडून दळून घेतलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेवर भर दिलाय, पण मला तो मुद्दा त्या दिवशी त्या जात्यापाशी समजला.

कुणाला बोलवू नये, हेही सांगते. साप घेऊन येणारा, पोपट किंवा माकड घेऊन येणारा माणूस दारावर आला आणि मुलं कितीही नाचली, तरी आत घेऊ नका. हे प्राणी असे खेळवणं कायद्यानं गुन्हा आहे, आणि त्या प्राण्याचे हाल होतात ते वेगळंच. कार्टूनचा मोठा मुखवटा घालून नाचणारेही नकोत. या वयाची बरीच मुलं मुखवट्याला घाबरतात.

5. पाहुण्याशी आधी प्रत्यक्ष बोला

फोनवर "या हं मंगळवारी" एवढ्यावर सोडू नका. त्यांच्या दुकानात, शेतात, घरी जा. पाच गोष्टी ठरवून या.

वेळ: पाहुण्याचं काम वीस मिनिटं, त्यातलं बोलणं पाचच मिनिटं. बाकी वेळ हातांचा. वर्ग मोठा असेल तर सात-आठ मुलांचे गट करा आणि पाहुण्याला तेच काम तीनदा करायची तयारी ठेवायला सांगा.

जागा: खुर्ची-टेबल नको. पाहुण्याला मुलांच्या उंचीवर बसवा. खाली बसता येत नसेल तर बुटका स्टूल.

वस्तू: काय आणणार ते डोळ्यांनी बघून घ्या. तांब्याच्या पत्र्याची कड हात कापते. आमचे तांबटकाका आता येताना कडा दुमडलेले, तळहाताएवढे तुकडे घेऊन येतात. या ठोकण्याला मठारणं म्हणतात, तो शब्द मुलांना सांगायला सांगा. मुलं असे शब्द आनंदानं उचलतात.

आवाज: मोठा आवाज होणार असेल तर तो केव्हा होणार, हे आधी ठरवा.

मानधन: हे मी ठळकपणे सांगतेय. कारागीर किंवा शेतकरी अर्धा दिवस तुमच्याकडे आला की त्याचा रोज बुडतो. शाल-श्रीफळ देऊन त्याची बोळवण करू नका. "तुमचा दिवस किती होतो?" असं सरळ विचारा आणि तेवढे पैसे पाकिटात घालून द्या. शाळेचा खर्च करताना फुगे आणि फ्लेक्सला पैसे निघतात, मग ज्याच्यामुळे मुलं शिकली त्याच्यासाठी का निघू नयेत?

6. अग्निशमनची गाडी: वेगळी पायरी, कारण सगळ्यांना हीच हवी असते

नाशिक महापालिकेच्या अग्निशमन दलाचं मुख्यालय शिंगाडा तलावाला आहे आणि सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोड अशा विभागांत केंद्रं आहेत. तुमच्या विभागाच्या केंद्रावर आधी जाऊन भेटा, मग शाळेच्या लेटरहेडवर अर्ज द्या. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवकचा शिक्का घ्या. शिक्का नसला तर पंधरा दिवसांनी "अर्ज कुठाय" इथूनच पुन्हा सुरुवात होते. अर्जात तीन वेगवेगळ्या तारखा द्या, मुलांची संख्या आणि वय लिहा, शाळेपर्यंतचा रस्ता आणि गेटची रुंदी लिहा. गेटवर कमान असेल तर तिची उंचीही. गाडी आत येत नसेल तर ती कुठे थांबणार, हे आधी ठरवा.

दोन गोष्टी पक्क्या समजून घ्या. एक, त्यांना कॉल आला तर ते येणार नाहीत, किंवा मुलं गाडीभोवती उभी असताना निघून जातील. मुलांना हे आदल्या दिवशी सांगा: "कुठे आग लागली तर काका आधी तिकडे जाणार, मग आपल्याकडे." आमच्याकडे एकदा असं झालं. आम्ही सांगून ठेवलं होतं म्हणून मुलं रडली नाहीत, गाडीला हात हलवत राहिली.

दुसरी गोष्ट भोंगा आणि मुखवटा. पहिल्या वर्षी मी काहीच बोलून ठेवलं नव्हतं. गाडी भोंगा वाजवत गेटमध्ये आली, आणि श्वासाचा मुखवटा, हेल्मेट घातलेला जवान थेट मुलांसमोर उतरला. एकवीस मुलांपैकी चौदा रडायला लागली. दोन मुलं पुढचा आठवडाभर शाळेत यायला तयार नव्हती. चूक पूर्णपणे माझी होती, त्या जवानांनी उलट मुलांना समजवायचा प्रयत्न केला. तेव्हापासून आमची पद्धत अशी: गाडी शांतपणे येते. जवान साध्या शर्टात मुलांसमोर बसतात, नाव सांगतात. मग एकेक वस्तू मुलांच्या हातात देऊन अंगावर चढवतात. आधी बूट, मग कोट, मग हातमोजे, हेल्मेट आणि शेवटी मुखवटा. प्रत्येक वस्तू घातली की ताई विचारते, "आत कोण आहे?" आणि मुलं जवानाचं नाव ओरडतात. खऱ्या आगीत मुखवटा घातलेल्या माणसापासून मूल लपून बसू शकतं, म्हणून हा खेळ फार कामाचा आहे. भोंगा शेवटी, मुलं गाडीपासून लांब उभी असताना, कानावर हात ठेवून, एकदाच.

पाइप धरायला मिळणं ही या दिवसातली सगळ्यात मोठी गोष्ट असते. पाण्याचा दाब अगदी कमी ठेवायला सांगा आणि पाइपवर जवानाचा हात राहू द्या.

7. कागदपत्रं

- पालकांचं संमतीपत्र: कोण येणार, काय करणार, मुलं कशाला हात लावणार, हे त्यात स्पष्ट लिहा. "कार्यक्रमास संमती आहे" एवढंच वाक्य पुरत नाही.
- फोटोची संमती वेगळ्या कागदावर. काही पालकांना फोटो चालत नाहीत आणि तो त्यांचा हक्क आहे.
- प्रत्येक मुलाचा माहितीतक्ता: ॲलर्जी, चालू औषधं, दोन फोन नंबर, न्यायला कोण येणार.
- पाहुण्यांची नोंदवही: नाव, ओळखपत्र पाहिल्याची खूण, येण्याची-जाण्याची वेळ, सही.
- कार्यालयाला दिलेल्या अर्जाची शिक्का मारलेली प्रत.
- मानधनाचं व्हाउचर.

पाहुणा कितीही ओळखीचा, अगदी पालक असला तरी तो मुलांसोबत एकटा राहणार नाही, हा नियम नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. मुलांच्या संरक्षणाचा पॉक्सो कायदा 2012 पासून आहे, त्याची माहिती प्रत्येक ताईला हवी. चांगल्या पाहुण्याला या नियमाचा कधीच राग येत नाही.

8. आदल्या आठवड्यात आणि त्या दिवशी

पाहुणा आठवड्याच्या मधोमध बोलवा, बुधवारी किंवा गुरुवारी. सोमवार-मंगळवार वस्तूची ओळख. तांबट येणार असतील तर तांब्या घासून घ्या, वेगवेगळ्या भांड्यांवर चमच्यानं वाजवून आवाज ऐकवा. शेतकरी येणार असेल तर कांद्याच्या सालींचा रंग करा: पाच-सहा मुठी साली अर्धा तास उकळायच्या, हे काम ताईचं, मुलं लांब. कोमट झालं की गाळून त्यात तुरटीच्या पाण्यातून काढलेला पांढरा सुती रुमाल बुडवायचा. पिवळसर-नारिंगी रंग येतो आणि मुलं विचारतात की कांदा तर गुलाबी होता. हा प्रश्न तसाच शेतकरीकाकांसाठी राखून ठेवा. मुलांकडे असा स्वतःचा एक प्रश्न असला की पाहुणा आल्यावर ती पुढे सरसावतात.

त्या दिवशी दोन कोपरे नेहमीसारखे चालू ठेवा. ज्याला पाहुण्याजवळ जायचं नाही, त्यानं तिथे बसून आपलं मळत राहावं. ओढून पुढे नेऊ नका. आमच्याकडे एक मुलगी तांबटकाकांपासून दहा हात लांब बसून पीठ मळत होती. काका निघाल्यावर तिनं मला विचारलं, "ताई, तांब्याला दुखलं का?" तिनं सगळं पाहिलं होतं.

फोटो एकाच ताईनं काढायचे, पहिल्या पाच मिनिटांत, आणि मोबाईल ठेवून द्यायचा. बाकी ताईंचे हात मोकळे हवेत.

खाऊ असेल तर जपा, विशेषतः द्राक्षं. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुणी ना कुणी पालक प्रेमानं पेटी पाठवतोच. आख्खं द्राक्ष गोल, गुळगुळीत आणि लहान मुलाच्या घशात बरोबर अडकेल एवढं असतं. पाच वर्षांखालच्या मुलाला ते उभं चिरून, चार फोडी करूनच द्यायचं. घरोघरी द्राक्षं असलेल्या आपल्या गावात हे फारसं कुणी पाळत नाही, म्हणून मी पालकसभेतही दरवर्षी करून दाखवते. शेंगदाणे आणि फुटाणेही या वयात आख्खे नकोत. घशात अडकलं तर काय करायचं, हे बालरोगतज्ज्ञांना बोलावून सगळ्या ताईंनी आणि मदतनीस मावशींनी जून महिन्यातच शिकून घ्या. वर्षातला पहिला पाहुणा आमच्याकडे हाच असतो, आणि तो मुलांसाठी नसतो.

9. पाहुणा गेल्यावर

दुसऱ्या दिवशी "काल काय पाहिलंत?" असं विचारून लगेच उत्तर मागू नका. अवजारं किंवा त्यांसारख्या वस्तू कोपऱ्यात ठेवा आणि बघत बसा. लाकडी हातोडी आणि जुना डबा ठेवला की कुणीतरी तांबट होतं, कुणी गिऱ्हाईक. एक जण पैसे मागतो. हा खेळ चार-पाच दिवस टिकला तर पाहुणा रुजला असं समजा. दोन दिवसांत विरला तर पुढच्या वेळी हातात द्यायचं काम वाढवा.

आभाराचं कार्ड मुलांच्या ठशांनी करा आणि शक्य असेल तर पाहुण्याच्या दुकानात जाऊन द्या. सगळा वर्ग नेऊ नका. जुन्या नाशकाच्या गल्ल्या अरुंद आहेत आणि 2027 च्या सिंहस्थाच्या कामांमुळे कुठला रस्ता केव्हा बंद असेल याचा भरवसा नसतो. पालकांबरोबर दोन-चार मुलं गेली तरी पुरे.

10. वर्षाची आखणी

जून-जुलैत पाहुणा नको, मुलं अजून आईला शोधत असतात. तेव्हा अळूच्या पानावरचं पाणी आणि कागदी होड्या. पोळ्याच्या सुमाराला कुंभारकाका, मातीचे बैल. दिवाळीनंतर आजी आणि जातं, थंडीत वासुदेव मिळाला तर फार छान, मोरपिसाच्या टोपीला हात लावायला मिळतो. अग्निशमनचा अर्ज दिवाळीच्या आत द्या, म्हणजे जानेवारीपर्यंत तारीख हाती येते.

द्राक्षबागवाल्या पालकांशी मात्र सप्टेंबरमध्येच बोलून ठेवा. ऑक्टोबरच्या छाटणीला त्यांना एकदा वर्गात बोलवा, छाटलेल्या काड्या मुलांना हाताळू द्या, बोटांनी काडीवरचे डोळे, म्हणजे जिथून कोंब फुटतो ते उंचवटे, मोजू द्या. त्यातली एक काडी वर्गात टांगून ठेवा. साधारण चार महिन्यांनी तेच काका घड घेऊन येतील. त्या वेळी फवारणी केव्हा झाली होती ते विचारून घ्या, घड मिठाच्या पाण्यात भिजवून धुवा, आणि सुरी ताईच्या हातात ठेवा. टांगलेली काडी त्या दिवशी खाली काढून घडाशेजारी ठेवायची आणि मुलांना दोन्ही हातात घेऊ द्यायची.